हाकेला ओ

गावातील देवळाची किंवा इगर्जेची घंटा वाजली म्हणजे तिचा नाद शिवारापर्यंत जातो. घंटा जितकी मोठी आणि जितक्या उंचावर टांगलेली, तितका तिचा नाद दूर पोहोचतो. परंतु शिवारातील माणसाने तेथून ओ दिली, तर ती घंटेपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या कानी पडत नाही. हाक पोहोचविणे निराळे आणि हाकेला ओ मिळणे निराळे. बिनतारी दूरध्वनीचा, म्हणजे आज लहानथोर सर्वजण ज्याला मोबाईल म्हणतात त्या साधनाचा, पाऊणशे वर्षांचा इतिहास या एका भेदाभोवती फिरत आलेला आहे. "इकडे रेंज येत नाही" ही तक्रार घाटातील एखाद्या वाडीत ऐकू येते, तशीच ती इंदूर-हैदराबादच्या सिमेंटच्या इमारतींत तळमजल्यावरही ऐकू येते. तिचे मूळ समजून घ्यावयाचे असेल, तर हा इतिहास आरंभापासून पाहावा लागतो.

विद्युच्चुंबकीय तरंग अस्तित्वात असले पाहिजेत, असे मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये गणिताच्या आधारे सांगितले आणि १८८७-८८ मध्ये हर्ट्झ यांनी ते प्रयोगाने दाखवून दिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९५ च्या सुमारास, कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनी लोकांसमक्ष एक प्रयोग केला. भिंतींच्या पलीकडे कोणतीही तार न जोडता त्यांनी घंटा वाजवून दाखविली आणि दारू पेटवून दाखविली. बसूंनी संशोधनासाठी निवडलेले तरंग फार आखूड, काही मिलिमीटर लांबीचे होते. मार्कोनी यांनी लांब तरंगांचा मार्ग धरला आणि डिसेंबर १९०१ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेला संदेश अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे जाहीर केले. लांब तरंग दूर जातात आणि वाटेतील अडथळ्यांना वळसा घालतात. आखूड तरंग पुष्कळ मजकूर वाहून नेऊ शकतात, पण भिंत, झाड, डोंगर यांपुढे ते लवकर थकतात. निसर्गाने घातलेला हा दंडक त्या दोघांच्या काळी जसा होता तसाच आजही आहे.

आरंभीची कित्येक दशके बिनतारी विद्येचा मोठा उपयोग झाला तो हाक घालण्यासाठी. गोवा मुक्तिसंग्रामातील एक उदाहरण या भागातील वाचकांच्या परिचयाचे आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सह्याद्रीच्या जंगलातून एक गुप्त आकाशवाणी केंद्र सुरू केले. प्रथम आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या परिसरातून डिसेंबर १९६१ पर्यंत ते केंद्र कोकणी व पोर्तुगीज भाषांतून गोमंतकीयांशी बोलत राहिले. एक लहानसे यंत्र आणि दोन निग्रही माणसे साऱ्या गोव्याला पुरली, याचे कारण त्या कार्याच्या स्वरूपात आहे. श्रोत्याने घरात बसून केवळ ऐकावयाचे होते, उत्तर द्यावयाचे नव्हते. जेथे उत्तराची अपेक्षा नसते तेथे एक बलवान आवाज हजारोंना पुरतो. दूरध्वनीचे तसे नाही. तेथे प्रत्येक ऐकणारा हा बोलणाराही असतो, आणि प्रत्येकाचे बोलणे निराळे असते.

ही अडचण पहिल्यांदा स्पष्टपणे दिसली ती अमेरिकेत. १७ जून १९४६ रोजी सेंट लुइस शहरात मोटारगाडीतून दूरध्वनी करण्याची सार्वजनिक सोय सुरू झाली. गाडीत बसवावयाच्या सामग्रीचे वजन सुमारे ३६ किलो होते. बोलताना बटण दाबून धरावे लागे, आणि प्रत्येक संभाषण मध्यस्थ ऑपरेटरच्या हातून जोडले जाई. शहराच्या मध्यभागी उंचावर एक शक्तिमान प्रक्षेपक बसविलेला होता. त्याचा आवाज शहरभर पोहोचे. पण गाडीतील यंत्र त्या मानाने दुबळे, त्यामुळे त्याचा आवाज मध्यभागापर्यंत परत येण्याची खात्री नसे. यावर तेथील अभियंत्यांनी एक उपाय केला. प्रक्षेपक एकच ठेवला, पण ऐकणारी यंत्रे शहरात निरनिराळ्या ठिकाणी बसविली. तोंड एक आणि कान अनेक, अशी ती योजना होती. पुढील सर्व प्रगतीचे बीज त्या अनेक कानांत होते.

दुसरी अडचण गर्दीची होती. एका वाहिनीवर एका वेळी एकच संभाषण चालावयाचे, आणि शहरभर ऐकू जाणारा मोठा प्रक्षेपक असला म्हणजे ती वाहिनी साऱ्या शहरापुरती अडून राहावयाची. सेंट लुइसमध्ये अशा तीनच वाहिन्या उपलब्ध होत्या. तीस वर्षांनंतरही स्थिती फारशी सुधारली नव्हती. १९७६ साली न्यूयॉर्कसारख्या महानगरात बारा वाहिन्यांवर ५४३ ग्राहकांची कशीबशी सोय होत होती आणि सुमारे ३,७०० लोक प्रतीक्षायादीत होते.

तोड मात्र कागदावर फार पूर्वीच निघालेली होती. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी आपले सहकारी रे यंग यांच्या साहाय्याने एक टिपण लिहिले. विस्तृत प्रदेशात चालत्या गाडीतील दूरध्वनीची सोय कशी करता येईल, हाच त्या टिपणाचा विषय होता. शहर मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे लहान लहान षट्कोनी घरांत विभागावे, प्रत्येक घराला स्वतःचे लहानसे केंद्र द्यावे आणि त्या केंद्राने हळू आवाजात बोलावे, अशी ती कल्पना होती. केंद्र हळू बोलत असल्यामुळे त्याचा आवाज आपल्या घराबाहेर फार दूर जात नाही. त्यामुळे थोड्या अंतरावरील दुसऱ्या घरात तीच वाहिनी पुन्हा वापरता येते. शाळेच्या लांबलचक इमारतीत हा प्रकार रोज घडतो. प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गापुरत्या आवाजात बोलला, तर एकाच वेळी दहा वर्ग सुरळीत चालतात. एकाने आवाज चढविला की शेजारच्यालाही चढवावा लागतो, आणि थोड्याच वेळात कोणत्याही वर्गात काहीच ऐकू येईनासे होते.

या योजनेत एक उणीव होती. चालती गाडी एका घरातून दुसऱ्या घरात शिरली की संभाषण तुटणार. ते न तोडता एका केंद्राकडून दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचे, तर प्रत्येक गाडीचा आवाज कोणत्या केंद्राला अधिक स्पष्ट ऐकू येतो याची नोंद क्षणोक्षणी ठेवावी लागते. हे काम माणसाच्या हातून होण्यासारखे नव्हते. इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रे हाताशी आल्यावर ते शक्य झाले. जोएल एंगल आणि रिचर्ड फ्रेंकिएल यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस या व्यवस्थेचा आराखडा सिद्ध केला, आणि एमॉस जोएल यांना १९७२ मध्ये संभाषण हस्तांतरित करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातील यंत्रावरून पहिला दूरध्वनी केला, तो प्रतिस्पर्धी संस्थेतील याच एंगल यांना. डिसेंबर १९७९ मध्ये टोकियोत आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये शिकागोत पोळ्याच्या घरांची ही योजना लोकांच्या सेवेत आली. टिपणापासून प्रत्यक्ष सेवेपर्यंत बत्तीस वर्षे लोटली होती.

यंत्र गाडीतून हातात आल्यावर हाक आणि ओ यांतील अंतर आणखी वाढले. मनोऱ्याला विजेचा अखंड पुरवठा असतो; हातातील यंत्राला खिशात मावणाऱ्या बॅटरीवर भागवावे लागते. युरोपातील देशांनी मिळून आखलेल्या आणि १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम पद्धतीत हातातील यंत्राची शक्ती फार तर दोन वॅट असे. नंतरच्या पिढ्यांत ती सामान्यतः एक पंचमांश वॅटवर आली. मनोरा याच्या कित्येक पटींनी मोठ्याने बोलू शकतो. म्हणूनच पडद्यावर रेंजच्या दोन रेघा दिसत असूनही दूरध्वनी लागत नाही, असा अनुभव येतो. त्या रेघा मनोऱ्याचा आवाज यंत्राला किती ऐकू येतो एवढेच सांगतात. यंत्राचा आवाज मनोऱ्याला ऐकू येतो की नाही, हे त्या सांगत नाहीत.

याच पद्धतीत आणखी एक मर्यादा होती. एका वाहिनीवर आठ यंत्रांनी आळीपाळीने, प्रत्येकाने आपल्या क्षणी बोलावयाचे, असा नियम होता. दूरच्या यंत्राचा आवाज मनोऱ्याशी पोहोचण्यास किंचित उशीर लागतो, आणि तो दुसऱ्याच्या पाळीत घुसण्याचा संभव असतो. म्हणून मनोरा त्या यंत्राला थोडे अगोदर बोलण्यास सांगतो. ही सवलत देण्याच्या ६३ पायऱ्या ठरविलेल्या होत्या आणि प्रत्येक पायरी सुमारे ५५० मीटरांची होती. यामुळे मूळ रचनेत एका मनोऱ्याची हद्द सुमारे ३५ किलोमीटर ठरली. त्यापलीकडे उघड्या समुद्रात असलेल्या होडीवर मनोऱ्याचा आवाज स्वच्छ येत असला, तरी होडीवरील माणसाची ओ वेळेवर पोहोचत नसल्यामुळे ती स्वीकारली जात नसे.

डोंगरदऱ्यांचा हा सारा प्रश्न आकाशातूनच सोडवावा, असा एक मोठा प्रयत्नही झाला. नोव्हेंबर १९९८ मध्ये ६६ उपग्रहांच्या आधारे इरिडियम ही सेवा सुरू झाली. पृथ्वीचा कोणताही कोपरा तिच्या कक्षेबाहेर नव्हता. परंतु यंत्र जड, दर भारी आणि संभाषणासाठी उघड्या आभाळाखाली उभे राहणे आवश्यक, अशी तिची स्थिती होती. जेथे बहुसंख्य लोक राहतात त्या छपरांखाली ती मुकी होई. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे ती सेवा नव्या मालकीखाली पुन्हा उभी राहिली आणि जहाजांना, विमानांना व दुर्गम भागातील पथकांना उपयोगी पडली. पण सर्वसामान्य माणसाचा दूरध्वनी ती होऊ शकली नाही.

भारतात दूरध्वनी खेड्यापर्यंत नेण्याच्या कथेचा एक महत्त्वाचा टप्पा बेळगाव जिल्ह्यातच आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे एक लहान स्वयंचलित केंद्र तयार केले आणि १९८६ मध्ये ते कित्तूर येथे बसविले. परदेशी केंद्रांना वातानुकूलित खोली लागे. हे केंद्र आपल्याकडील उन्हाळा, धूळ आणि विजेची अनियमितता सोसणारे होते. गावाने यंत्राच्या गरजा भागवाव्यात असा आग्रह न धरता यंत्रच गावाच्या परिस्थितीजोगे घडविले, हे त्या प्रयोगाचे खरे महत्त्व होय.

मोबाईलचा भारतातील आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी त्या दिवशी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी पहिले संभाषण केले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडे, आणि आलेल्या दूरध्वनीचेही पैसे द्यावे लागत. सेवा प्रथम चार महानगरांना मिळाली. १९९९ च्या नव्या धोरणाने कंपन्यांवरील ठरीव परवाना-शुल्काचा भार काढून उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. मे २००३ पासून आलेला दूरध्वनी विनामूल्य झाला, आणि भाजीवाल्यापासून नावाड्यापर्यंत सर्वांच्या हाती हे यंत्र आले.

परंतु यंत्र हाती आले म्हणून मनोरा जवळ आला असे झाले नाही. मनोरा उभारण्यास जागा लागते, वीज लागते, वीज गेल्यास डिझेलचे जनित्र लागते, आणि त्या मनोऱ्याला बाकीच्या जगाशी जोडणारी प्रकाशतंतूची केबल किंवा सूक्ष्मतरंगांची जोडणी लागते. हा खर्च तीस हजार वस्तीच्या नगरात जेवढा, जवळपास तेवढाच, किंबहुना रस्ता नसल्यास अधिकच, तीनशे वस्तीच्या वाडीत येतो. मिळकत मात्र शंभरपट कमी. सह्याद्रीच्या पट्ट्यात त्यात निसर्गाचीही भर पडते. एका डोंगराची सावली पलीकडच्या दरीवर पडते, आणि सपाट प्रदेशात एका मनोऱ्याने जे साधते त्याला येथे तीन-चार लागतात. व्यापाराचा हिशेब तेथे थांबतो, आणि कायद्याला पुढे यावे लागते.

त्या दृष्टीने एप्रिल २००२ पासून दूरध्वनी कंपन्यांच्या उत्पन्नातील पाच टक्के भाग सार्वत्रिक सेवेसाठी घेण्यास आरंभ झाला, आणि २००३ च्या कायद्याने त्या निधीला वैधानिक रूप मिळाले. आरंभी त्याचा रोख गावातील सार्वजनिक दूरध्वनीकडे होता. २००६ मधील दुरुस्तीनंतर तो मोबाईलसाठीही वापरता येऊ लागला. पुढील वर्षी सात हजारांहून अधिक मनोरे या पैशातून उभारण्याची आणि प्रत्येक मनोरा तीन कंपन्यांनी सामाईक वापरण्याची योजना आली. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सेवेपासून वंचित राहिलेल्या २४,६८० गावांत चौथ्या पिढीची सेवा पोहोचविण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला 'डिजिटल भारत निधी' हे नाव दिले. जानेवारी २०२५ मध्ये या निधीतून उभारलेल्या मनोऱ्यांवर सहभागी कंपन्यांपैकी कोणाच्याही ग्राहकाला सेवा मिळण्याची सोय जाहीर झाली. शासनाच्या पैशाने उभा राहिलेला मनोरा डोळ्यांसमोर असूनही केवळ कार्ड दुसऱ्या कंपनीचे म्हणून गावकऱ्याने मुके राहावे, ही विसंगती दूर करण्याचे ते पाऊल होते.

हे सारे किती निकडीचे होते, ते २०२० साली दिसून आले. साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. तेव्हा गोव्याच्या आणि कोकणच्या डोंगराळ भागातील मुले पुस्तके व पाण्याची बाटली घेऊन टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसत. पाऊस आला की झाडाखाली किंवा प्लॅस्टिकच्या आडोशाला धडा चाले. माथ्यावरून मनोरा दिसे, म्हणजे तरंगांची वाट मोकळी होई, हे त्या मुलांनी कोणत्याही पुस्तकावाचून शोधून काढले होते. अनेकांची अडचण ऐकण्यापेक्षा बोलण्याची होती. शिक्षकांचा आवाज तुटक का होईना कानी पडे, पण विद्यार्थ्याचे 'हजर' परत पोहोचत नसे. घरी रेंज असलेला मुलगा वर्गात होता आणि टेकडी चढून थकलेली मुलगी हजेरीपटावर गैरहजर होती. शिक्षणातील विषमतेला तरंगांच्या विषमतेची जोड कशी मिळते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

रेंज सुधारण्याचे जे उपाय आज उपलब्ध आहेत, ते याच इतिहासातून निघालेले आहेत. कमी वारंवारतेचे, म्हणजे लांब तरंग ग्रामीण भागाला अधिक मानवतात. अनेक देशांत एकेकाळी दूरचित्रवाणीसाठी राखलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणूनच मौल्यवान ठरला, आणि भारतात दोनदा गिऱ्हाईक न मिळालेल्या त्या पट्ट्याची विक्री अखेर २०२२ च्या लिलावात झाली. त्याच लिलावात बसूंच्या तरंगांच्या कुळातील अतिआखूड तरंगांचीही विक्री झाली. त्यांचा उपयोग गर्दीच्या शहरांत लहान लहान घरांपुरता. जाड भिंतींच्या इमारतीत घरातील वाय-फाय जोडणीवरून दूरध्वनी करण्याची सोय भारतात डिसेंबर २०१९ पासून मिळू लागली, आणि जेथे तारेने इंटरनेट पोहोचले आहे तेथे ती फार सोयीची आहे.

बाजारात मिळणारे बूस्टर नावाचे यंत्र मात्र परवानगीशिवाय बसविणे भारतात बेकायदेशीर आहे, आणि त्यामागे सबळ कारण आहे. असे यंत्र मनोऱ्याच्या कानाशी ओरडत राहते, आणि त्या गोंगाटात शेजारपाजारच्या दुबळ्या यंत्रांचे बोलणे बुडून जाते. एका घराची रेंज सुधारते आणि आळीची बिघडते. शाळेच्या इमारतीतील आवाज चढविणाऱ्या शिक्षकाचीच ही आवृत्ती होय.

मनोऱ्याविषयी लोकांच्या मनात असलेली भीतीही येथे विचारात घेतली पाहिजे. गोव्यातील आणि अन्य भागांतील अनेक गावांनी मनोऱ्यांना विरोध केलेला आहे. भारताने सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. दुसरी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. मनोरा जवळ असला म्हणजे हातातील यंत्र आपला आवाज आपोआप कमी करते. मनोरा दूर असला म्हणजे ते कानाशी धरलेले असतानाच पूर्ण शक्तीने बोलते. दूरचा मनोरा म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण त्यामुळे टिकत नाही. तथापि गावाला न विचारता रातोरात मनोरा उभा करणे हेही समर्थनीय नाही. जे साधन हाकेला ओ मिळवून देण्यासाठी आहे, त्याच्या उभारणीत ग्रामसभेची हाक ऐकली जाऊ नये, हे योग्य नव्हे.

सेंट लुइसच्या एका उंच प्रक्षेपकापासून आजच्या लक्षावधी मनोऱ्यांपर्यंतच्या या वाटचालीत आवाज मोठा करण्याने कोठेही प्रश्न सुटलेला दिसत नाही. प्रत्येक वेळी तो सुटला तो ऐकणारे कान माणसाच्या अधिक जवळ नेल्याने. यापुढे एखाद्या जिल्ह्यात सेवा पोहोचली की नाही हे ठरविताना नकाशावर मनोऱ्याचे वर्तुळ काढून भागणार नाही. त्या वर्तुळाच्या कडेवरील शेवटच्या घरात जाऊन, तेथील सर्वांत स्वस्त यंत्रावरून, मुसळधार पावसाच्या दिवशी केलेला दूरध्वनी लागतो की नाही, हे पाहावे लागेल. आजारी माणसासाठी रुग्णवाहिका बोलावणाऱ्या त्या घराला मनोऱ्याचा आवाज ऐकू येऊन उपयोग नाही. त्या घराचा आवाज मनोऱ्याला ऐकू आला पाहिजे.